ज्याँ गाबाँची मधली नऊ वर्षं: १९४५ ते १९५४

जुलै १९४५ मध्ये फ्रेंच सिनेमाचा नट ज्याँ गाबाँ सैन्यातून मोकळा होऊन पॅरिसला परत आला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. अंग सुटायला लागलं होतं, केस पांढरे झाले होते, आणि ज्या माणसावर १९३९ पर्यंत सगळा फ्रान्स फिदा होता तो माणूस आरशात दिसत नव्हता. मार्च १९५४ मध्ये डायरेक्टर जाक बेकेरचा 'तुशे पा ओ ग्रिस्बी' हा गुंडांचा सिनेमा लागला आणि गाबाँ पुन्हा एक नंबरला जाऊन बसला, तो जवळपास मरेपर्यंत तिथेच राहिला. या दोन तारखांच्या मधे जे झालं त्याची ही केस आहे, कारण त्याच्यावर लिहिणारे बहुतेक लोक ही नऊ वर्षं दोन ओळींत उरकतात. युद्धानंतर पडला, लोक विसरले, मग एका पिक्चरने परत उभा केला, संपलं. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते नीट सांगायचंय.

आधी तो कुठे होता ते बघू. खरं नाव ज्याँ-आलेक्सी मोंकोर्जे, जन्म १७ मे १९०४, पॅरिस. आई-वडील दोघंही गाण्याबजावण्याच्या रंगमंचावरचे, 'गाबाँ' हे वडिलांचं स्टेजवरचं नाव. बालपण पॅरिसच्या उत्तरेला मेरिएल गावात रेल्वे लाइनजवळ गेलं, आणि पोराला इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं, नट व्हायची इच्छाच नव्हती. शाळेत मन नाही, मजुरीची छोटीमोठी कामं केली, मग वडिलांनी ओळखीतून फोली बर्जेर या पॅरिसच्या नाचगाण्याच्या थिएटरात चिकटवलं. तिथून मूलाँ रूज, तेव्हाची मोठी गायिका मिस्तँगेत हिच्याबरोबर नाचगाणं, आणि १९३० ला बोलपट आले तसा पडद्यावर.

मग १९३५ ते १९३९ ही पाच वर्षं, जी आजही बघताना अंगावर येतात. 'ला बांदेरा', 'पेपे ल मोको', 'ला ग्रांद इल्युजिआँ', 'के दे ब्रूम', 'ला बेत युमेन', 'ल झूर स लेव'. द्युविविए, रेन्वार, कार्ने हे तीन डायरेक्टर आलटून पालटून त्याला घेत होते. रोल कुठला, तर कामगार, सैनिक, पळून आलेला शिपाई, गुन्हेगार, म्हणजे खालच्या थरातला सरळ माणूस, ज्याला एकदा प्रेम मिळतं आणि नशीब ते टिकू देत नाही. आणि शेवटी तो मरतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. 'ला बांदेरा'त गोळी लागून मरतो. 'पेपे'मध्ये अल्जीअर्सच्या बंदरावर, हातात बेड्या, समोर बोट सुटतेय, तो बोटीवरच्या प्रेयसीला हाक मारतो आणि नेमका तेव्हाच बोटीचा भोंगा वाजतो, तिला ऐकू जात नाही, आणि तो चाकूने स्वतःला संपवतो. 'के दे ब्रूम'मध्ये रस्त्यावर गोळी. 'ला बेत युमेन'मध्ये तो शेवटी इंजिन ड्रायव्हर झालेला असतो, लहानपणीची हौस फिटते, पण धावत्या गाडीतून उडी मारतो. 'ल झूर स लेव'मध्ये रात्रभर इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्वतःला कोंडून घेतो, खाली पोलीस, आणि पहाटे छातीत गोळी. अपवाद आहेत, 'ग्रांद इल्युजिआँ'त तो बर्फातून स्वित्झर्लंडला पोचतो, पण लोकांच्या डोक्यात बसला तो मरणारा गाबाँ.

त्या मरण्यालाही काळाचा संदर्भ होता. १९३६ मध्ये पॉप्युलर फ्रंट या डाव्या आघाडीचं सरकार आलं, कामगारांना पगारी सुट्टी मिळाली, आशा वाढली, आणि दोनेक वर्षांत सगळं ढेपाळून समोर युद्ध दिसायला लागलं. गाबाँचा हिरो म्हणजे तीच आशा आणि तीच हार, एका चेहऱ्यावर. एखाद्या नटाचा चेहरा देशाच्या मूडशी इतका जुळणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं आणि त्याची किंमतही द्यावी लागते, कारण मूड बदलला की चेहरा जुना होतो.

युद्ध

१९४० ला फ्रान्स पडला. पॅरिसमध्ये जर्मन पैशावर चालणारी कंपनी सिनेमे काढत होती, तिच्यासाठी काम करायचं नाही म्हणून गाबाँ १९४१ च्या सुरुवातीला अमेरिकेला गेला. हॉलिवूडमध्ये दोन सिनेमे केले, 'मूनटाइड' आणि 'द इम्पोस्टर', दोन्ही चालले नाहीत. इंग्रजी त्याला कधी अंगवळणी पडली नाही आणि स्टुडिओला त्याचं काय करायचं ते कळलं नाही. याच काळात हॉलिवूडची स्टार मार्लेन डीट्रिश हिच्याबरोबरचं प्रेम.

आरामात कॅलिफोर्नियात बसून युद्ध संपायची वाट बघता आली असती, पण त्याने १९४३ मध्ये फ्री फ्रेंच, म्हणजे जर्मनीविरुद्ध लढत राहिलेल्या फ्रेंचांच्या नौदलात नाव घातलं. तेलवाहू जहाजावरून ताफ्याबरोबर अल्जीअर्सला गेला, पुढे रणगाड्यांच्या तुकडीत बदली मागून घेतली, आणि जनरल लक्लेर्कच्या दुसऱ्या आर्मर्ड डिव्हिजनमध्ये 'सूफ्लर २' नावाच्या रणगाड्याचा कमांडर झाला. चाळिशी ओलांडलेला हा माणूस तिथल्या पोरांपुढे म्हाताराच होता. र्वायाँची लढाई, मग जर्मनीत घुसून थेट हिटलरच्या डोंगरातल्या ठिकाणापर्यंत, बेर्ख्टेसगाडेनपर्यंत. मेदाय मिलितेर आणि क्र्वा द गेर अशी दोन पदकं. याबद्दल त्याने फार बढाया मारल्या नाहीत, म्हणून मला त्याचं जास्त कौतुक वाटतं.

काय बिघडलं

परत आल्यावर कार्नेनेच त्याला बोलावलं. 'ले पोर्त द ला न्वी', गाबाँ आणि डीट्रिश जोडी, जुनी टीम, सगळं ठरत आलं होतं आणि मग दोघंही बाहेर पडले. रोल इव्ह मोंताँकडे गेला. यावर पुष्कळ जण म्हणतात की इथेच गाबाँने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, पण तो सिनेमाही आपटलाच ना. आणि असा आपटला की कार्ने आणि त्याचा लेखक प्रेव्हेर ही जोडीच मोडली. म्हणजे गाबाँ त्यात असता तरी युद्धाआधीचं धुकं, बंदरं, नशीब हे १९४६ च्या प्रेक्षकाला नकोच होतं. पाच वर्षं रेशनच्या रांगा, अटका, बॉम्ब बघितलेल्या माणसाला पडद्यावर अजून एक हरणारा माणूस कशाला हवा?

त्याऐवजी दोघांनी 'मार्तँ रूमान्याक' केला, १९४६, डायरेक्टर जॉर्ज लाकोंब. गाबाँ एका छोट्या गावातला बांधकामवाला, डीट्रिश त्याची प्रेयसी. तो संशयाने तिला मारतो, कोर्टातून सुटतो आणि शेवटी तिच्यावर प्रेम करणारा एक तरुण त्याला गोळी घालतो, हा जवळजवळ स्वतःहून समोर उभा राहतो. बघा, पुन्हा तोच शेवट! तीच हताश शरणागती, फक्त आता ती ४२ वर्षांच्या, सुटलेल्या अंगाच्या माणसाच्या अंगावर. समीक्षकांनी झोडपला. डीट्रिश अमेरिकेला परतली आणि दोघांचं तुटलं, त्याला घर, मुलं हवी होती आणि तिचं आयुष्य वेगळंच होतं. त्या गोळी घालणाऱ्या तरुणाचं काम करणारा नट होता दानिएल जेलाँ, हे नावही लक्षात असू द्या.

बाहेरची परिस्थितीही वाईट होती. मे १९४६ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेत ब्लुम-बर्न्स करार झाला, कर्जमाफी आणि नवीन कर्जाच्या बदल्यात अमेरिकन सिनेमांना थिएटरं मोकळी झाली, फ्रेंच सिनेमासाठी दर तिमाहीत फक्त चार आठवडे राखीव. चार-पाच वर्षं साठलेला हॉलिवूडचा माल एकदम आला. आणि नवीन चेहरे तयार होतेच, ज्याँ मारे, जेरार फिलिप, देखणे, सडपातळ, तरुण. या सगळ्यात गाबाँ एकटा काय करणार होता? त्यामुळे सगळं खापर त्याच्या निवडीवर फोडणं बरोबर नाही असं माझं ठाम मत आहे.

जे कोणी बघत नाही

आता मुख्य मुद्दा. पडता काळ म्हणतात तो काळ जरा जवळून बघा, एकेक सिनेमा घेऊन, आणि दिसतं की माणूस स्वस्थ बसलेला नाहीये, तो एकेक जुनी गोष्ट अंगावरून उतरवतोय. ठरवून की नकळत, ते सांगता येणार नाही, पण पडद्यावर ते स्पष्ट आहे.

१९४९, रने क्लेमाँचा 'ओ-देला दे ग्रिय', शूटिंग जिनोआमध्ये, बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या खऱ्या वस्तीत. गाबाँ पुन्हा फरारी, पुन्हा खून करून आलेला, पुन्हा बंदर आणि बोट, सगळा जुनाच सेट. पण तो बोटीवरून खाली का उतरतो माहितीये? दाढ दुखते म्हणून. दाढदुखीने हैराण झालाय, पकडलं जायचा धोका पत्करून तो डेंटिस्ट शोधत फिरतो. पेपे ल मोको बाईसाठी कसबा, म्हणजे अल्जीअर्सची जुनी वस्ती, सोडून खाली उतरला होता, हा दाढेसाठी उतरतो. इथे पहिल्यांदा त्याच्या शरीराला दुखणं आहे, वय आहे, साधी गरज आहे, आणि गाबाँ ते अजिबात न लाजता करतो, गालावर हात, वैतागलेला चेहरा. आणि शेवटी मरत नाही, पकडला जातो. कान महोत्सवात या सिनेमाला दिग्दर्शनाचं आणि इझा मिरांदाला अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं, पुढे विदेशी चित्रपटाचं मानद ऑस्करही. याला पडता काळ म्हणायचं?

त्याच वर्षी त्याने आंरी बर्नस्टाइनचं 'ला स्वाफ' हे नाटक केलं आणि दोमिनिक फूर्निएशी लग्न केलं. तिच्यापासून तीन मुलं. जे घर डीट्रिशबरोबर झालं नाही ते इथे झालं. १९५२ मध्ये नॉर्मंडीत ला पिशोनिएर नावाची शेतजमीन घेतली, गुरं, नंतर शर्यतीचे घोडे. पैसा सिनेमाचा, जीव शेतीत.

१९५०, कार्नेबरोबरच 'ला मारी द्यु पोर', सिमेनाँच्या कादंबरीवर. गाबाँ शेर्बूरमधला हॉटेल आणि थिएटरचा मालक. मालक! ज्या माणसाला लोकांनी पंधरा वर्षं मळक्या टोपीत बघितलं तो आता गल्ल्यावर बसलाय, चांगला सूट, पैशाची सवय झालेली चाल. एक तरुण मुलगी त्याला खेळवते आणि शेवटी लग्नाच्या बेडीत अडकवते, म्हणजे मरणाच्या जागी लग्न. हा सिनेमा कोणी ग्रेट म्हणणार नाही पण पुढची पंधरा-वीस वर्षं गाबाँ जे 'पात्रों', म्हणजे मालकाचे, रोल करणार होता त्याची सुरुवात इथे आहे.

आणि १९५१, 'ला न्वी ए मों रोयोम'. यावर मला थांबायचंय. डायरेक्टर तोच जॉर्ज लाकोंब, 'मार्तँ रूमान्याक'वाला. रोल इंजिन ड्रायव्हरचा, तोच 'ला बेत युमेन'चा धंदा. म्हणजे कागदावर बघितलं तर हा माणूस मागे चाललाय. पण इथला ड्रायव्हर अपघातानंतर आंधळा होतो. 'बेत युमेन'चा ड्रायव्हर गाडीतून उडी मारून सुटतो, हा सुटत नाही, याला दुसऱ्या दिवशी उठावं लागतं, चाचपडत चालायला शिकावं लागतं, ब्रेल शिकावी लागते. गाबाँचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे त्याचे डोळे, फिके, कॅमेऱ्याला खेचून घेणारे, आणि तेच त्याने इथे बंद करून टाकले. व्हेनिस महोत्सवात अभिनयाचा व्होल्पी कप मिळाला.

म्हणून म्हणतो, १९५४ च्या आधीच अभिनयाच्या हिशेबात तो परत आलेला होता. अडचण वेगळी होती. प्रेक्षक थिएटरात येताना १९३८ चा गाबाँ डोक्यात घेऊन यायचे आणि समोर दुसराच माणूस दिसायचा. १९५२ मध्ये तर त्याला मिशेल मोर्गाँबरोबर पुन्हा उभं केलं, 'के दे ब्रूम'ची जोडी, 'ला मिन्युत द व्हेरिते'मध्ये, आता नवरा-बायको म्हणून. 'बेबे दोंज'मध्ये बायको त्याला विष घालते आणि तो अख्खा सिनेमा हॉस्पिटलच्या खाटेवरून आठवत बसतो, तो सिनेमा आज बघितला तर फार धारदार वाटतो पण तेव्हा पब्लिकला झेपला नाही. त्याच्या वयाचं आता काय करायचं हे या सिनेमांपैकी कुणीच प्रेक्षकाला थेट सांगितलं नव्हतं. वय दिसत होतं, पण गोष्ट वयाची नव्हती.

ग्रिस्बी

बेकेर हा तीसच्या दशकातला रेन्वारचा असिस्टंट, 'ग्रांद इल्युजिआँ'च्या सेटवर होता, त्यात छोटा रोलही केलेला. म्हणजे त्याने गाबाँला ऐन भरात जवळून बघितलं होतं. आल्बेर सिमोनँच्या कादंबरीतल्या माक्सच्या रोलसाठी आधी विचारलं गेलं दानिएल जेलाँला, हो तोच, 'मार्तँ रूमान्याक'मध्ये गाबाँला गोळी घालणारा. जेलाँ म्हणाला मी या रोलसाठी लहान आहे, गाबाँला घ्या. एका तरुण नटाने हातातला मोठा रोल असा दुसऱ्याकडे ढकलणं ही साधी गोष्ट नाही, त्याचं नाव या केसमध्ये घ्यायलाच हवं.

गोष्ट साधी आहे. माक्स आणि रितों, दोघे पन्नाशीकडे झुकलेले गुंड, ओर्ली विमानतळावरून पाच कोटी फ्रँकचं सोनं मारलंय आणि आता निवृत्त व्हायचंय. रितों आपल्या तरुण मैत्रिणीला, जोझीला (झान मोरो, तेव्हा अजून नाव व्हायचं होतं), बढाई मारून बसतो, ती बातमी आंजेलो या दुसऱ्या गुंडाला देते, आणि माक्सचं निवृत्तीचं स्वप्न बोंबलतं. आंजेलोच्या रोलमध्ये लिनो व्हेंतुरा, इटलीतून आलेला कुस्तीगीर, आयुष्यातला पहिला सिनेमा, आणि गाबाँसमोर उभा राहून जराही कमी पडत नाही.

पण सिनेमा सोन्याचा नाहीच. मधे एक सीन आहे तो बघाच. माक्स रितोंला आपल्या गुपित फ्लॅटवर आणतो. गुंडांच्या सिनेमात इथे पिस्तुलं साफ होतात, प्लॅन ठरतात. इथे माक्स कपाटातून बिस्कोत काढतो, ते कडक टोस्ट असतात ना तसे, पाते, म्हणजे मांसाचं लावून खायचं वाटण, काढतो, पांढऱ्या वाइनची बाटली उघडतो, दोन प्लेटा मांडतो, आणि दोघं बसून खातात. सुरी पातेवर फिरते, टोस्ट कुरकुरतो, बोलणं थोडं. माक्स मित्राला सरळ सांगतो की आपलं वय झालंय, स्वतःकडे बघ जरा. मग चादर देतो, पायजमा देतो, टूथब्रश देतो. दोघं दात घासून झोपायला जातात आणि रितों एकटा आरशासमोर स्वतःचा चेहरा न्याहाळत उभा राहतो. घाई अजिबात नाही. बेकेरने कॅमेरा हलवायचा मोह टाळलाय आणि गाबाँने 'अभिनय' करायचा.

या एका सीनने जे नऊ वर्षं जमलं नव्हतं ते केलं असं मला वाटतं. प्रेक्षकाच्या मनातला जुना आणि समोरचा नवा गाबाँ यांच्यातली दरी बुजवायचा प्रयत्न बेकेरने केलाच नाही, त्याने तीच गोष्ट म्हणून सांगितली. माक्स म्हणजे जणू पेपे ल मोको, जो त्या दिवशी बंदरावर मेला नाही आणि पन्नाशीला आला, ज्याला आता रात्री लवकर झोपायचं असतं आणि मित्राच्या मूर्खपणाचा कंटाळा येतो. शेवटही तसाच. सोनं जळत्या गाडीबरोबर जातं, रितों मरतो, आणि माक्स जिवंत राहतो. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या हॉटेलात मैत्रिणीबरोबर जेवायला जातो, ज्यूकबॉक्सवर ज्याँ व्हिएनेरची ती माउथऑर्गनची धून लावतो. मरणं गाबाँला कधीच जमलेलं होतं, इथे त्याने सगळं गमावून जेवायला बसणं करून दाखवलं, आणि मला ते जास्त कठीण वाटतं.

फ्रान्समध्ये सुमारे ४७ लाख तिकिटं गेली. तेव्हा तरुण समीक्षक असलेल्या त्र्युफोनेही, जो जुन्या फ्रेंच सिनेमावर तुटून पडत होता, याची स्तुती केली. व्हेनिसला गाबाँला दुसरा व्होल्पी कप, या सिनेमासाठी आणि कार्नेच्या 'लेर द पारी'साठी मिळून.

पुढे काय झालं

पुढे तर धबधबा. रेन्वारबरोबर 'फ्रेंच कँकँ', बूर्व्हिलबरोबर 'ला त्राव्हेर्से द पारी', १९५८ मध्ये 'ले मिझेराब्ल'मधला ज्याँ व्हाल्ज्याँ ज्याची जवळपास १ कोटी तिकिटं गेली, त्याच वर्षी सिमेनाँचा डिटेक्टिव्ह मेग्रे. मग बेल्माँदो आणि देलाँसारखी नवी पोरं त्याच्यासमोर उभी राहून मोठी झाली.

पण या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आधी मरणारा कामगार हा साचा होता, आता तडाखेबंद डायलॉग मारणारा, सगळ्यांना गप्प बसवणारा म्हातारा बॉस हा साचा झाला. साठच्या दशकातले त्याचे बरेच सिनेमे मला एकासारखे एक वाटतात, तो आत येतो, खुर्चीत बसतो, चिडतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. ग्रिस्बीमध्ये जो थकवा होता तो गेला आणि रुबाब तेवढा उरला. पडद्याबाहेरही तसंच काहीसं झालं. जुलै १९६२ मध्ये एका रात्री शेकडो शेतकरी ला पिशोनिएरवर चालून आले, मागणी ही की मोठमोठ्या जमिनी घेऊन ठेवणाऱ्यांनी त्या तरुण शेतकऱ्यांना कसायला द्याव्यात. कामगारांचा हिरो एका रात्रीत बडा जमीनदार ठरला. त्याला हे फार लागलं, कारण त्याच्या मते तो स्वतः शेतकरीच होता. मला दोन्ही बाजू समजतात आणि तरी त्या रात्रीबद्दल वाचताना वाईट वाटतं.

साच्यातून तो पुन्हा एकदा पूर्ण बाहेर आला तो १९७१ ला, 'ल शा'मध्ये, सिमोन सिन्योरेबरोबर. पाडायला काढलेल्या वस्तीतलं घर, एकमेकांशी बोलणं बंद केलेलं म्हातारं जोडपं, चिठ्ठ्यांवर संसार. बर्लिन महोत्सवात दोघांनाही अभिनयाचं सिल्व्हर बेअर मिळालं. १५ नोव्हेंबर १९७६ ला तो गेला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिल्या सेझार या फ्रेंच सिनेमा पुरस्कारांचा अध्यक्ष तोच होता.

कोणाला ही केस स्वतः तपासून बघायची असेल तर थेट ग्रिस्बीवर जाऊ नका. आधी 'पेपे ल मोको' बघा, मग 'ओ-देला दे ग्रिय', मिळाला तर 'ला न्वी ए मों रोयोम', आणि मग ग्रिस्बी, शक्यतो थोड्या दिवसांत. त्या क्रमाने बघितलं की बिस्कोतच्या सीनला माक्स प्लेटा मांडतो तेव्हा तुम्हाला आधीचे सगळे गाबाँ माहीत असतात, आणि १९५४ च्या पॅरिसच्या प्रेक्षकालाही ते माहीत होते.